सुरा कपाटात, सुरी कमरेला

मराठीत पात्याला नावं कितीतरी. विळी, कोयता, कोयती, सुरी, सुरा, कट्यार, खंजीर, जंबिया, बिचवा. नुसतं ‘चाकू’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे खिशात मिटून ठेवायचा येतो. हा लेख त्या मिटणाऱ्या चाकूबद्दल नाही. ज्याचं पातं मुठीत कायमचं पक्कं बसवलेलं असतं आणि जे म्यानात ठेवावं लागतं, त्या हत्यारांबद्दल आहे. सात इंच किंवा त्याहून लांब पात्याला मी इथे सुरा म्हणेन, आणि चार इंचांच्या आसपासच्या कामाच्या पात्याला सुरी. सुरा जमवायचा असतो आणि सुरी वापरायची असते. दोन्हींची हौस एकदम लागते आणि नवखा माणूस दोन्हींसाठी मिळून एकच वस्तू विकत घेतो. मीही तेच केलं होतं.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. पूर्वी तो सोमवारी उघडायचा, २०१९पासून शनिवारी उघडतो. माझ्या पहिल्या हंगामात कमरेला सात इंची पात्याचा सुरा होता. चामड्याच्या चकत्यांची मूठ, मुठीपुढे पितळेची आडवी पट्टी, टोकाकडे खोलगट उतरलेली पाठ. आरशासमोर फार देखणा दिसायचा. सकाळी साडेआठला हरीण पडलं, परवान्याची चिठ्ठी कानाला बांधली आणि पोट उघडायला बसलो. पातं आत गेलं, पण त्याचं टोक माझ्या बोटांच्या पुढे चार इंच होतं आणि ते कुठे आहे हे मला दिसत नव्हतं. ते कोठ्यात घुसलं. जो वास आला तो आजही नाकात आहे. कण्याच्या आतल्या बाजूचं सगळ्यांत कोवळं मांस त्या घाणीने नासलं. एका जिवाचा जीव घेतल्यावर त्याचं मांस फुकट घालवणं यासारखी शरम नाही.

सोबत आलेल्या सत्तरीतल्या शेजाऱ्यांनी मला बाजूला केलं आणि आपली सुरी काढली. पातं चार इंचांहून कमी, आणि वर्षानुवर्षं पाजवून पाजवून करंगळीइतकंच रुंद उरलेलं. दहा मिनिटांत त्यांनी काम उरकलं. हात पुसताना एवढंच म्हणाले की पात्याचं टोक कुठे आहे ते न बघता बोटाला कळलं पाहिजे. शिकारीच्या सुरीबद्दल मी पुढे जे काही शिकलो ते सगळं या वाक्यात आलं होतं.

आधी काम समजून घ्या, मग सुरी

दुकानात जाण्यापूर्वी पात्याला नेमकं काय करायचं आहे ते डोळ्यांपुढे आणा. हरीण पाठीवर असतं. छातीच्या हाडाखाली कातडीला छोटीशी चीर देतात. मग डाव्या हाताची दोन बोटं त्या चिरेत घालून फाकवतात, त्यांच्यामध्ये सुरी ठेवतात, आणि तीही उलटी, धार आकाशाकडे. बोटं आतडी खाली दाबून धरतात आणि सुरी कातडी आतून बाहेर कापत जाते. धार वर असल्यामुळे आतड्यांना लागत नाही. शिवाय केस आतून कापले जातात, त्यामुळे मांसावर केस पडत नाहीत आणि धारही लवकर जात नाही. या कामात बोटांच्या पुढे आलेलं प्रत्येक जास्तीचं अर्धा इंच पातं म्हणजे धोका.

पुढचं काम मागच्या बाजूला, ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यातून. तिथे गुदद्वाराभोवती गोल फिरत कापावं लागतं. रुंद पातं तिथे वळतच नाही. मग छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कापायचा. आणि शेवटी कोपरापर्यंत हात छातीत घालून, काहीही दिसत नसताना, श्वासनळी वर पकडून कापायची. त्या वेळी तर्जनी पात्याच्या पाठीवर सरळ ठेवलेली असते, आणि टोक जवळजवळ तिच्या नखाशी असतं.

हे नीट समजलं की निम्मे प्रश्न सुटतात. पातं साडेतीन ते साडेचार इंच. पाठ गुळगुळीत, कारण तिथे तुमचं बोट असणार. म्हणून पाठीवर करवतीचे दात असलेली सुरी घेऊ नका, ती कितीही रुबाबदार दिसली तरी. जाडी अडीच ते साडेतीन मिलिमीटर पुरते. पाच मिलिमीटर जाडीचं पातं मांसात पाचरीसारखं अडकतं. रुंदी इंचभर किंवा त्याहून कमी.

टोकाच्या आकाराला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. सुऱ्याची पाठ टोकाजवळ खोलगट कापलेली असते, त्यामुळे टोक सुईसारखं तीक्ष्ण आणि वर उचललेलं असतं. भोसकायला ते चांगलं, पोट उघडायला वाईट. शिकारीच्या सुरीची पाठ हळूच उतार घेत टोकापर्यंत येते, म्हणून टोक खाली राहतं आणि चटकन आत घुसत नाही. इंग्रजीत याला ड्रॉप पॉइंट म्हणतात, आणि दुकानात याच नावाने मागा. रॉबर्ट लव्हलेस या अमेरिकन कारागिराने १९५०च्या दशकापासून हा आकार इतका सफाईने घडवला की आजच्या बहुतेक शिकारी सुऱ्या त्याच वळणाच्या असतात. पाठीवर आकडा असलेल्या सुऱ्याही मिळतात, कातडी चिरताना त्या आकड्याने सरसर उघडते. पण आकड्याच्या आतल्या बाजूला धार लावणं नवख्याला जमत नाही, आणि बोथट आकडा केस ओढत बसतो. सुरुवातीला नको.

मूठ, म्यान आणि पोलाद

मूठ दुकानात कोरड्या हाताने बघू नका. शक्य असेल तर हात ओले करून धरून बघा. रक्त आणि चरबी लागलेली गुळगुळीत लाकडी मूठ साबणासारखी निसटते. रबरी किंवा खरखरीत प्लास्टिकची मूठ दिसायला साधी, पण थंडीत हातमोज्यातूनही धरता येते. मुठीच्या पुढे बोट सरकू नये म्हणून छोटा उंचवटा हवा. मात्र सुऱ्यासारखी दोन्हीकडे बाहेर आलेली पितळी पट्टी नको, ती आत हात घालताना नडते. नारिंगी मूठ घ्यायला लाजू नका. नोव्हेंबरच्या वाळक्या पानांत तपकिरी मुठीची सुरी एकदा पडली की संध्याकाळच्या उजेडात सापडत नाही.

पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला टँग म्हणतात. तो मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीने जाणारा असावा असा आग्रह तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. लाकूड फोडायचं असेल तर तो आग्रह बरोबर आहे. हरणासाठी अर्ध्यापर्यंत जाणारा टँगही चालतो. सुरीने हाडावर घाव घालायचे नसतातच, सांधा शोधून तिथे कापायचं असतं.

म्यान हा निम्मा व्यवहार आहे. सुरी उलटी धरून झटका दिला तरी ती म्यानातून पडता कामा नये. चामड्याचं म्यान सुंदर असतं, पण रक्त पितं आणि धुता येत नाही. कामाच्या सुरीला प्लास्टिकचं म्यान घ्या, खाली पाणी निघायला भोक असलेलं. पडताना किंवा झाडावरच्या मचाणावर चढताना टोक मांडीत घुसू नये इतकं ते कडक असलं पाहिजे.

आता पोलाद. या विषयावर लोक तासन्‌तास बोलतात, पण नवख्याला तीन घराणी ओळखता आली की पुरे. पहिलं साधं कार्बन पोलाद, उदाहरणार्थ १०९५, ज्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. धार पटकन लागते, गंजही पटकन लागतो. दुसरं साधं स्टेनलेस, जसं ४२०एचसी किंवा स्वीडनचं १२सी२७. धार बऱ्यापैकी टिकते, दगडावर लवकर येते आणि रक्ताने लगेच डागाळत नाही. तिसरं पावडरपासून बनवलेलं महाग स्टेनलेस, जसं एस३०व्ही. त्याची धार दोन-तीन हरणं सहज काढते, पण बोथट झाल्यावर साध्या दगडाला दाद देत नाही, हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी लागते. पहिल्या सुरीसाठी मी न बिचकता दुसरं घराणं सांगतो. तुम्हाला अजून धार लावायला शिकायचं आहे, आणि शिकणाऱ्याला दाद देणारं पोलाद हवं.

पोलादाच्या नावापेक्षा त्याला दिलेलं पाणी जास्त महत्त्वाचं, हे मात्र मी अमेरिकेत नाही, आजोळी चिपळूणजवळ शिकलो. आमचा लोहार कोयती लाल करायचा आणि फक्त धारेची कड पाण्यात बुडवायचा. मग त्या कडेवरून कानस ओढून बघायचा. कानस घसरली की तो मान डोलवायचा. त्यानंतर अंगातली उरलेली धग हळूहळू कडेकडे उतरताना पात्यावर रंग सरकायचे, आधी पिवळसर गवती, मग तपकिरी, मग जांभळा. गवती रंग कडेला पोचला की पुन्हा पाण्यात. पहिल्या बुडीने पोलाद कडक पण काचेसारखं ठिसूळ होतं, आणि त्या धगीने त्याचा ठिसूळपणा जातो. हे जमलं नाही तर कुठलंही भारी पोलाद वाया. कॅन्ससमध्ये लोहाराकडे काम शिकणाऱ्या होइट बक नावाच्या पोराने १९०२मध्ये अशाच पाणी देण्याच्या खटपटीतून धार जास्त टिकणारी पाती बनवायला सुरुवात केली, आणि त्यातून पुढे बक ही मोठी कंपनी उभी राहिली. त्यांचं ४२०एचसी हे तसं स्वस्त पोलाद, पण पाणी इतकं नेमकं की त्याहून महागड्या काही पोलादांच्या तोडीचं ठरतं.

मग नेमकी कोणती घेऊ?

स्वीडनच्या मोरा गावची सुरी घ्या. तिथे १८९१पासून फ्रॉस्ट घराण्याचा कारखाना होता, आता मोराक्निव्ह या नावाने चालतो. त्यांची ‘कम्पॅनियन’ सुमारे १०.४ सेंटिमीटर पात्याची, अडीच मिलिमीटर जाडीची, रबरी मुठीची. स्टेनलेस पात्याची मागा. वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास मिळते. तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंना एकच रुंद सपाट उतार असतो. तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप सापडतो.

थोडा जास्त खर्च करायचा असेल तर बकची १०२ क्रमांकाची चार इंची सुरी बघा. त्याच घराण्याची सहा इंची ११९ सगळ्यांना आवडते, मलाही आवडते, पण तिला मी संग्रहात धरतो. पातं बदलता येणाऱ्या, शस्त्रक्रियेच्या सुरीसारख्या सुऱ्या हल्ली खूप चालतात. कातडी सोलायला त्या अप्रतिम आहेत. पण पातं पातळ असतं, सांध्यात जरा पिरगळलं की तुटतं, आणि तो तुकडा मांसात हरवतो. पहिल्या दोन हंगामांत त्या लांब ठेवा.

बाकीची तयारी थोडक्यात: रबरी हातमोजे, कारण पेनसिल्व्हेनियात २०१२पासून हरणांमध्ये मेंदू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग हा रोग आढळतो. मेंदू आणि पाठीचा कणा कापू नका. एक पातळ दोरी, आणि सुरी पुसायला जुनं सुती फडकं.

पाजवायला शिका

सुरी घेतली तेव्हाच दगडही घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. एका बाजूला भरड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असलेला कुरुंदाचा दगड पुरतो. ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. मोराची सुरी असेल तर उतार सपाट टेकवा. इतर सुऱ्यांना अंदाजे वीस अंशांचा कोन धरा, म्हणजे इंचभर रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण एक तृतीयांश इंच उचललेली.

एकाच बाजूने घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला कडेवर बारीकसा कंगोरा उठत नाही तोपर्यंत. तो डोळ्याला दिसत नाही. अंगठ्याचं नख पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर जाईल असं हलकेच ओढा, नख अडखळतं. पूर्ण लांबीभर कंगोरा आला की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून पंधरा-वीस वेळा ओढा, कंगोरा गळून पडतो. नव्या माणसाचं चुकतं ते इथेच. कंगोरा यायच्या आधीच तो बाजू बदलतो आणि मग दगडाला दोष देतो.

विजेच्या फिरत्या चाकावर सुरी कधीही नेऊ नका. दोन सेकंदांत कड निळी पडते. आमच्याकडे म्हणतात तसं पाणी उतरतं, आणि उतरलेलं पाणी घरी परत चढवता येत नाही.

सुरा जमवायचा तर धागा पकडा

आता कपाटाकडे वळू. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते बघितले असतील तर जमवण्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. एकच रोजची वस्तू, पण किती आकार, किती नक्षी, किती हातांची कारागिरी! एक अडकित्ता ही वस्तू असते, पन्नास अडकित्ते शेजारी ठेवले की गोष्ट सुरू होते. सुऱ्यांचंही तेच. ‘मला मोठे सुरे आवडतात’ हा धागा नाही. धागा म्हणजे एक आकार, एक गाव, एक काळ किंवा एक कारागीर-परंपरा.

अमेरिकेतला सर्वांत ओळखीचा धागा बोवी सुऱ्याचा. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर, नॅचेझ गावाजवळ, झालेल्या मारामारीत जिम बोवी नावाचा माणूस गोळ्या आणि तलवारीचे वार खाऊनही आपल्या मोठ्या सुऱ्याने लढला, आणि वर्तमानपत्रांतून तो सुरा देशभर गाजला. ६ मार्च १८३६ रोजी बोवी टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत मारला गेला, आणि मग प्रत्येकाला ‘बोवी’ हवा झाला. ही मागणी मुख्यत: इंग्लंडमधल्या शेफील्डने भागवली. जॉर्ज वॉस्टनहोमसारखे कारखानदार अमेरिकेसाठी सुरे बनवत, आणि त्यांच्या पात्यावर ‘आय एक्स एल’ अशी खूण असे. जिम बोवीच्या हातातला मूळ सुरा म्हणून सिद्ध झालेला एकही नमुना नाही. तेव्हा कोणी तुम्हाला ‘अलामोचा’ सुरा विकायला आला तर पैसे खिशातच ठेवा. जुने शेफील्ड बोवी फार महाग असतात आणि त्यांच्या नकलाही फार आहेत. नवख्याने हा धागा वाचायला घ्यावा, विकत घ्यायला नाही.

विकत घ्यायला मी दुसऱ्या महायुद्धातला मरीन सैनिकांचा सुरा सुचवतो. १९४२मध्ये ठरलेला हा नमुना सात इंची पात्याचा, चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेल्या मुठीचा. न्यूयॉर्क राज्यातल्या ओलियन गावच्या कंपनीच्या ‘का-बार’ या खुणेवरून सगळेच त्याला का-बार म्हणतात, पण युद्धकाळात तो कॅमिलस, रॉबेसन आणि पाल या कारखान्यांनीही बनवला. म्हणजे एकच आकार, चार खुणा, शिवाय प्रत्येकीत मुठीचे आणि तिच्या टोकाच्या पोलादी टोपणाचे बारीक फरक. शिकायला याच्यासारखी पाटी नाही. नव्याने बनवलेला का-बार आधी घ्या, हातात खेळवा, मग जुना बघायला जा.

मला स्वत:ला मिशिगनचा धागा सर्वांत प्रिय आहे. ग्लॅडस्टोन गावच्या वेब्स्टर मार्बलने शिकाऱ्यांसाठी कारखान्यात सुरे बनवायला सुरुवात केली. त्याच राज्यात विल्यम स्केगल नावाचा एकांतप्रिय कारागीर हाताने सुरे घडवत होता. १९३०च्या दशकात वॉलून सरोवरावर सुट्टीला गेलेल्या बो रँडॉल यांना एक माणूस होडीचा रंग सुऱ्याने खरवडताना दिसला. इतकं खरवडूनही सुऱ्याची धार शाबूत होती. तो स्केगलचा सुरा होता. रँडॉलनी तो विकत घेतला आणि फ्लोरिडात ऑर्लंडोला जाऊन स्वत: सुरे बनवू लागले. पुढे लव्हलेस यांना रँडॉलचा सुरा हवा होता, पण महिनोन्‌महिने थांबावं लागणार म्हणून त्यांनी स्वत:च एक घडवला. एका होडीच्या रंगापासून आजच्या ड्रॉप पॉइंटपर्यंत ही साखळी पोचते.

हाताने घडवलेला नवा सुरा घ्यायचा असेल तर पात्यावर ‘जेएस’ (जर्नीमन स्मिथ) किंवा ‘एमएस’ (मास्टर स्मिथ) अशी अक्षरं आहेत का ते बघा. १९७६मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षा उतरलेल्या लोहारांची ती पदवी असते. परीक्षा कशी, तर कारागिराने घडवलेल्या दहा इंचांपर्यंतच्या पात्याने मोकळी लटकती इंचभर जाडीची दोरी एका घावात तोडायची, मग लाकडी फळीचा दांडका दोनदा पूर्ण तोडायचा, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. आणि शेवटी तेच पातं पकडीत धरून नव्वद अंशांत वाकवायचं, तुटता कामा नये. कडक धार आणि लवचीक पाठ एकाच पात्यात! आमच्या लोहाराने फक्त कडच पाण्यात का बुडवली, ते मला ही परीक्षा वाचून पुरतं कळलं.

नेपाळची खुकरी हा आणखी एक सुंदर धागा आहे. म्यानाच्या मागे दोन छोट्या सोबती असतात. कर्द ही छोटी सुरी, आणि चकमक हे बोथट पोलाद, ठिणगी पाडायला आणि धार सरळ करायला. त्या दोन्ही मूळच्या असतील तर नगाची किंमत वेगळीच.

घेताना काय बघायचं

पहिले तीन महिने काहीच घेऊ नका, नुसतं बघा. दर जूनमध्ये अटलांटाला सुऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. जमलं तर जा आणि विचारून, परवानगी घेऊन, सुरे हातात घ्या.

जुना सुरा बघताना आधी मुठीलगतची खूण वाचा. कारखाने खुणा बदलत आले, त्यावरून वर्ष काढता येतं. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीने १९७०मध्ये खुणेखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक कमी केला. बकच्या पात्यांवर १९८६पासून वर्षाचं छोटं चिन्ह असतं. मग पातं डोळ्यांच्या रेषेत धरा. मूळ कडा टोकदार आणि रेषा स्वच्छ असतात. कोणी मशीनवर चकचकीत केलं असेल तर खुणेची अक्षरं पुसट आणि कडा गोल झालेल्या दिसतात. चकचकीत केलेला जुना सुरा घेऊ नका. काळपट, शांत, एकसारखा रंग चढलेला घ्या. तो रंग जाणं म्हणजे वय जाणं. नंतर मूठ हलते का, पट्टी आणि पात्यामध्ये फट आहे का, आणि म्यान त्याच सुऱ्याचं आहे का ते बघा. जुन्या म्यानात आतून पात्याचाच आकार उमटलेला असतो.

मी फसलो तो गंजावरून. एका बाजारात एकाकडून ‘शंभर वर्षांचा’ बोवी घेतला. पात्यावर खड्डे पडलेला गंज, खूण जुनी. घरी येऊन भिंगातून बघितलं तर गंज खुणेच्या अक्षरांच्या तळाशी नव्हता. आधी आम्लाने पातं खाल्लेलं, मग वरून ठसा मारलेला. शंभर वर्षं गंजलेल्या सुऱ्याची अक्षरंही गंजलेली असायला हवी होती. तेव्हापासून खिशात दहापट मोठं दिसणारं भिंग असतं.

ठेवायचं कसं

सुरा चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात राहतात आणि ते ओल धरून ठेवतं. पितळेवर हिरवी बुरशीसारखी पुटं येतात, पात्यावर खड्डे. सुरा एकीकडे, म्यान शेजारी. पात्यावर खनिज तेलाचा अगदी पातळ हात किंवा संग्रहालयात वापरतात तसलं सूक्ष्म मेण. खोबरेल किंवा गोडेतेल नको, ते चिकट होऊन पिवळं पडतं. कापडात ठेवायचं तर धुतलेलं सुती, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या.

सेल्युलॉइडच्या जुन्या मुठींबद्दल खास सावध राहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या फार चालत. ते सडायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं, आणि त्याच कपाटातली इतर पातीही गंजतात. अशी मूठ आकसलेली किंवा तडकलेली दिसली, कपाट उघडल्यावर तीव्र वास आला, तर तो सुरा ताबडतोब वेगळा, हवेशीर जागी आणि आगीपासून दूर ठेवा.

कायदा

अमेरिकेत हे राज्यागणिक आणि शहरागणिक बदलतं. ज्या टेक्सासमध्ये बोवी मेला, तिथे बोवी सुरा कमरेला लावून फिरणं २०१७पर्यंत बेकायदा होतं. पेनसिल्व्हेनियात जंगलात जाताना सुरीला अडचण नाही, पण फिलाडेल्फिया शहराच्या रस्त्यांवर कापणारं हत्यार जवळ बाळगायला मनाई आहे. शिकारीहून परतताना शहरात शिरायच्या आधी सुरी कमरेची काढून गाडीच्या मागच्या पेटीत बंद करा.

भारतातल्या वाचकांसाठी स्पष्टच लिहितो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे वरचा शिकारीचा भाग तिथे लागू नाही. तिथे हा छंद फक्त जमवण्याचा. त्यातही शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं, घरगुती आणि शेतीच्या अवजारांसारखी सोडून, शस्त्रांच्या यादीत येतात. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात, त्या काळात साधा सुरा घेऊन रस्त्यावर जाणंही महागात पडू शकतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर नेता येत नाही.

एक गोष्ट परदेशातल्या मराठी माणसांनी आवर्जून लक्षात ठेवावी. शेफील्डच्या आणि अमेरिकेच्या कित्येक जुन्या सुऱ्यांच्या खडबडीत तपकिरी मुठी या सांबराच्या शिंगाच्या आहेत, आणि ते शिंग भारतातूनच गेलेलं आहे. सांबर शिंगं गाळतं, जंगलात ती पडलेली सापडत, आणि जहाजांनी इंग्लंडला जात. आता भारतातून ती निर्यात करता येत नाहीत आणि बाळगणंही गुन्हा ठरू शकतो. अशा मुठीचा सुरा काका-मामांना भेट म्हणून भारतात नेऊ नका. हस्तिदंती मुठीचं तर अमेरिकेतही २०१६च्या नियमानंतर खरेदी-विक्रीत फार बारीक अपवाद उरले आहेत.

वही

पहिला नग घेतला त्याच दिवशी वही घाला. एका नगाला एक पान: तारीख, कुणाकडून, कितीला, पात्याची लांबी, खूण अक्षरश: जशी दिसते तशी, दोष काय, म्यान मूळचं की नाही, आणि दोन्ही बाजूंचे फोटो. विमा उतरवताना किंवा नग विकताना हेच कामी येतं. कामाची सुरी या वहीत लिहू नका. ती कोकणातल्या कोयतीसारखी, आकडीला अडकवून रोज कमरेमागे असायची वस्तू. हंगामाहून आलात की ती गरम पाण्याने धुवा, मुठीच्या सांध्यातली चरबी जुन्या दातांच्या ब्रशने काढा, कोरडी करा, दगडावर दोन हात फिरवा. म्यान उलटं टांगून वाळू द्या, आणि ते पूर्ण वाळल्यावरच सुरी त्यात परत घाला.